करडं काड

पाल्लेचं काड भिजलं ते वाल्बोर्गबाईंच्या गुलाबांपायी. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं. आमच्या बेटावरची माणसं अशीच. शेजाऱ्याचं नुकसान लांबून बघतील, मान हलवतील, आणि माझ्या दुकानात येऊन लोणी मागता मागता सगळं सांगून जातील. बेटावर किराण्याचं दुकान एकच, ते माझं. त्यामुळे मला कुणाकडे जावं लागत नाही, बातमीच माझ्याकडे येते.

ते वर्ष नगरपालिकेच्या भट्टीचं. समुद्रात पवनचक्क्या कधीच्या उभ्या राहिल्या होत्या, वीज आमची आम्ही करत होतो. राहिली होती ती घरांची ऊब. प्रत्येकाच्या तळघरात तेलाचा बंब आणि परसात जमिनीखाली तेलाची टाकी. नगरपालिकेने ठरवलं, की हे बेट हवेत जेवढा धूर सोडेल तेवढाच आमची शेतं, झाडं परत ओढून घेतील, वर काही उरणार नाही. त्यासाठी गावाबाहेर एक मोठी भट्टी. तिच्यात शेतातलं गव्हाचं आणि जवाचं काड, म्हणजे दाणे काढल्यावर उरलेला वाळका पेंढा, जाळायचं, पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या नळांनी घराघरांत फिरवायचं. पहिला हिवाळा तेलाच्या थेंबाशिवाय काढून दाखवू, असं महापौरबाई बिरगिट यांनी टीव्हीवर सांगून टाकलं.

सांगणं सोपं होतं. पण निम्मं गाव वाल्बोर्गबाईंकडे बघत होतं. बाईंनी चाळीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं. आम्ही डेन लोक एकमेकांना सरसकट अरे-तुरे करतो, राजाला सोडून. पण बाईंना आजही सगळे अहो-जाहो करतात. बाई म्हणाल्या, "मला नको ते नळपाणी," की गल्लीतले सगळे म्हणणार, आम्हालाही नको.

तर बाईंना पटवलं पाल्लेने. पाल्ले म्हणजे खाडीकाठचा शेतकरी, उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला लाजणारा. भट्टीचं खूळ त्याने मनावर घेतलं कसं, हे त्याच्या बायकोलाही, बोदिललाही, कळलं नाही. सभागृहात उठून तो एकदाच बोलला होता, "भट्टीला काड आम्ही देऊ. सोन्यासारखं देऊ." आणि लाल होऊन खाली बसला.

बाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली आणि म्हणाल्या, "माझा बंब काढते मी. पण दोन गोष्टी. माझ्या गुलाबांत ते खोदायचं यंत्र शिरणार नाही. आणि हिवाळ्यात माझे पाय गार पडले, तर पाल्ले, तुझं तोंड बघणार नाही मी."

"नाही पडणार, बाई."

"वर्गात तू कधी हात वर केला नाहीस. उत्तर यायचं तरी. आणि आता इतक्या खात्रीने बोलतोस?"

पाल्ले कपात बघत राहिला.

ऑगस्टचा तो आठवडा कोरडा गेला, कडक उन्हाचा. सगळ्या बेटावर कापणीची यंत्रं घरघरत होती. क्नूदचं शेत डोंगरावर, उताराचं. त्याने त्या आठवड्यात बरीचशी कापणी उरकली, हाती आलं तेवढं काड बांधलं, आणि रस्त्याच्या कडेला असं रचलं की बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला आधी तेच दिसावं. पिवळंधमक. क्नूदला आपलं काही दिसू नये असं कधी वाटलेलं नाही.

आणि पाल्ले त्या आठवड्यात बाईंच्या परसात फावडं घेऊन खोदत होता. गहू त्याने कापला होता, पण काड शेतात ओळींनी पसरलेलं तसंच होतं. नळासाठी कमरेएवढा चर, गुलाबांच्या दोन रांगांमधून, हाताने. माती चिकण. फावडं रुतायचं, निघायचं नाही. तो बुटाने दाबायचा, पाठीने उचलायचा, ढेकूळ ताडपत्रीवर ठेवायचा, कारण हिरवळीवर माती सांडलेली बाईंना चालत नव्हती. मुळं दिसली की तो गुडघ्यावर बसून बोटांनी माती काढायचा. मी तिकडून जात होते तेव्हा बघितलं, त्याच्या तळव्यांवर फोड फुटून ओले झाले होते आणि त्याने फावड्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलं होतं.

"काय रे, दुसरं कुणी नाही का खोदायला?" मी विचारलं.

"बाईंनी मलाच सांगितलंय."

"आणि तुझं काड?"

त्याने आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. "आहे अजून वेळ," तो म्हणाला.

वेळ नव्हता. चर पूर्ण झाला, नळ बसला, माती परत भरली, एकही गुलाब मेला नाही, आणि त्याच रात्री पश्चिमेकडून पाऊस आला. आला तो राहायलाच आला. रोज उठावं तर खिडकीवर पाणी. डोंगरावरचं पाणी वाहून खाडीकडे यायचं आणि खाडीकाठी शेत कुणाचं, तर पाल्लेचं. काडाच्या ओळी जमिनीला चिकटून बसल्या. आधी पिवळ्या, मग तपकिरी, मग करड्या.

बोदिल माझ्याकडे यीस्ट घ्यायला आली. चिडलेली होती. "दुसऱ्यांची घरं गरम कर आणि आपलं शेत कुजू दे. असा नवरा मिळाला मला."

"बोललीस का त्याला?"

"बोलून काय? तो ऐकतो. ऐकून घेतो आणि पुन्हा शेतात जातो."

पाऊस जरा थांबला की तो जायचाच. ट्रॅक्टर रुतत होता, म्हणून दोघंही लांब दांड्याचे काटे घेऊन काड उलटं करायची, एकेक ओळ. खालची बाजू वर, वाऱ्याला. ओलं काड किती जड असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. बोदिलची कंबर धरली. ती बांधावर बसायची, शिव्या द्यायची आणि उठून पुन्हा काटा धरायची. पुन्हा पाऊस यायचा, पुन्हा सगळं भिजायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटं करायचं. क्नूद रस्त्यावरून ट्रॅक्टर हळू करून ओरडायचा, "पाल्ले, विंचरतोयस का रे त्याला? पिकलंय बघ, सगळं डोकं पांढरं झालंय!"

पाल्ले वर बघायचा नाही. बोदिल बघायची आणि काटा क्नूदच्या दिशेने उगारायची.

सप्टेंबर संपताना वारा फिरला. पूर्वेचा कोरडा वारा सुटला, ऊन पडलं. काड सुकलं. वाजायला लागलं, हातात घेऊन मोडलं की कडकन मोडायचं. पण रंग गेला तो गेला. राखेसारखं करडं. आमच्याकडे असलं काड म्हणजे शेतकऱ्याची लाज. गाईखाली पसरायचं तरी लोक अंधारात पसरतात. पाल्लेने ते बांधलं, मोठे चौकोनी गठ्ठे केले, आणि रस्त्यावरून दिसणार नाहीत असे गोठ्याच्या मागे रचले. मग माझ्याकडे आला.

"दाग्नी, ताडपत्री आहे? हिरवी. मोठी."

"पाऊस तर गेला. कशाला झाकतोस?"

"असू दे," म्हणाला आणि कान लाल झाले.

मी दिली. आता एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा कळायला हवी होती. त्या महिन्यात माझ्या दुकानातल्या हिरव्या ताडपत्र्या सगळ्या खपल्या. मी बोटीने पुन्हा मागवल्या, त्याही खपल्या. मागायला येणारा प्रत्येक जण इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून मागायचा. मी आपली खूश. धंदा झाला म्हणून.

भट्टीच्या उद्घाटनाला वाजंत्री होती, झेंडे होते, दालचिनीचे पाव होते. महापौरबाईंनी फीत कापली. नगरपालिकेने काडाबद्दल एकच सांगितलं होतं, की कोरडं असावं. रंगाचं कुणी काही म्हटलं नव्हतं. पण क्नूदने आपले पिवळे गठ्ठे आणून असे लावले होते की फोटोत उन्हात चमकत होते, आणि ते बघून बाकीच्यांनीही आपलं असेल नसेल तेवढं पिवळंच आणलं. पाल्लेने डोंगराच्या बाजूच्या एका पट्ट्यातलं थोडं पिवळं आणलं होतं. ते त्याने ढिगाच्या मागे नेऊन ठेवलं.

"सोन्यासारखं देणार होतास ना?" क्नूद मोठ्याने म्हणाला. "एवढंच सोनं?"

लोक हसले. दुष्टपणाने नाही, पण हसले. पाल्लेही हसल्यासारखं करून वाजंत्रीवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

भट्टी सांभाळायला येप्पे होता, पूर्वी बोटीच्या इंजिनात काम केलेला. त्याने आग लावली, धुरांड्यातून जेमतेम पांढरी रेघ निघाली. संध्याकाळी बाईंनी मला फोन केला. "दाग्नी, माझ्या हीटरला हात लाव म्हणून सांगायला फोन केला. पण तू तिकडे आहेस." फोनवर त्या हसल्या. मी त्यांना हसताना फारसं ऐकलेलं नव्हतं.

डिसेंबर बरा गेला. जानेवारीत बर्फ पडला आणि त्यावर उत्तरेचा वारा सुटला, असा की दुकानाचं दार उघडलं की गिऱ्हाइकाआधी वाराच आत. भट्टीला दिवसरात्र काड लागू लागलं. आणि मग घरं गार व्हायला लागली.

आधी कुणी बोललं नाही. मग सगळेच बोलले. येप्पेने भट्टी उघडली तर आतल्या जाळीवर राख वितळून काचेसारखा थर बसला होता, हाताएवढा जाड. हवा वरच येईना. तो आणि दोन माणसं छिन्नी-हातोडे घेऊन आत शिरली, थर फोडला, आग लावली. दोन दिवसांत पुन्हा तेच. क्नूदचं ते चमकणारं काड आत जायचं आणि काच होऊन बसायचं.

वाल्बोर्गबाई दोन कोट घालून दुकानात आल्या. मेणबत्त्या घेतल्या. मी म्हटलं, "बाई, इथेच बसा, इथे विजेची शेगडी आहे." त्या म्हणाल्या, "मला घर आहे." तेवढ्यात पाल्ले आला. त्याच्या ट्रॉलीत बर्चच्या लाकडाचं जळण होतं, फोडून, बांधून आणलेलं.

"बाई, तुमच्या दिवाणखान्यातल्या शेगडीसाठी आणलंय. मी आत आणून ठेवतो."

बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि शेल्फवरच्या मुरांब्याच्या बाटल्यांवरची नावं वाचू लागल्या. दुकानात पाच-सहा जण होते. सगळे आपापल्या पिशव्यांत बघू लागले. पाल्ले टोपी हातात घेऊन उभा होता, बर्फ वितळून त्याच्या बुटांखाली तळं झालं. मग तो गेला. जळण त्याने बाईंच्या दाराशी रचून ठेवलं, आणि बाईंनी ते रात्रभर तिथेच राहू दिलं. मला बाईंचा राग आला. खूप राग आला. पण त्यांचे पाय गार पडले होते, हेही खरं.

रविवारी दुपारी सभागृहात बैठक झाली. आमच्याकडे मरणाची बातमी असली तरी बैठकीत कॉफी आणि केक असतातच, तसे होते. लोक कोट न काढता बसले होते. महापौरबाईंचा चेहरा उतरलेला.

"भट्टीला जोडून तेलाचा एक बंब आहे, अडीअडचणीसाठी," त्या म्हणाल्या. "मला तो लावावा लागेल. उद्याच्या बोटीने तेलाचा टँकर येतोय."

कुणीतरी मागून म्हणालं, "एकदा टँकर आला की येतच राहील. मग मी माझाच बंब परत बसवतो." बऱ्याच जणांनी मान हलवली. पाल्ले भिंतीशी बसला होता. बोदिल त्याच्या शेजारी. त्याने गुडघ्यावर ठेवलेले हात मी बघत होते. फोडांच्या जागी आता घट्टे पडले होते.

मग येप्पे उठला. केसांत राख, डोळे लाल. "थांबा जरा. मी पलीकडे, मुख्य भूमीवर, माझ्या एका मित्राला फोन केला, तो अशीच भट्टी चालवतो. तो हसला मला. म्हणाला, पिवळं काड घालताय का? पिवळ्या काडात शेताचा खार तसाच असतो, त्यानेच राख वितळते. पावसात धुतलेलं, मग सुकवलेलं काड घाल म्हणाला. करडं. त्याच्याकडे शेतकरी तेच आणतात." त्याने सगळ्यांकडे बघितलं. "तर, कुणाकडे करडं काड आहे का?"

शेतकरी एकमेकांकडे नाही, आपापल्या केककडे बघत होते. ज्यांनी माझ्याकडून ताडपत्र्या नेल्या ते सगळे मला तिथे बसलेले दिसत होते. मला तेव्हा कळलं, आणि इतकं हसू आलं की रुमाल तोंडाला लावावा लागला. करडं काड! अख्ख्या बेटाच्या गोठ्यांमागे करडं काड झाकलेलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्याकडेच आहे.

"कुणाकडेच नाही?" येप्पेने विचारलं. क्नूद खाकरला आणि केकचा तुकडा तोंडात टाकला.

बोदिलने पाल्लेला कोपराने ढोसलं. तो हलला नाही. तिने पुन्हा ढोसलं. मग पाल्लेने हात वर केला. हळूहळू, शाळेतल्या मुलासारखा, कोपर भिंतीला लागेपर्यंत.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "पुष्कळ आहे. खराब आहे म्हणून आणलं नव्हतं. सोन्यासारखं देईन म्हटलं होतं, म्हणून लाज वाटली."

पहिल्या रांगेतून वाल्बोर्गबाई वळल्या.

"पाल्ले," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं वाट बघितली मी या हाताची."

सोमवारी उजाडताच पाल्लेने ताडपत्री ओढून काढली. तिच्यावरचा बर्फ त्याच्याच मानेत गेला. बोदिलने ट्रॅक्टरला लावलेल्या लोखंडी काट्यांनी गठ्ठे उचलले, ट्रॉलीवर चढवले, आणि दोघं निघाली. मागच्या वाटेने जाता आलं असतं. पाल्लेने ट्रॉली गावातून घातली, चर्चसमोरून, माझ्या दुकानासमोरून, भर उजेडात. करडे गठ्ठे, राखेचे, कुरूप. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मला लाज-बीज काही वाटली नाही.

पुढचं मला येप्पेकडून कळलं. भट्टीच्या दाराशी त्याने ओल मोजायची लांब सुई गठ्ठ्यात खुपसली. बोदिल ट्रॅक्टरवरून उतरून जवळ आली. सुई आत गेली, येप्पेने काटा बघितला, दुसऱ्या गठ्ठ्यात घातली, तिसऱ्यात.

"काय आहे?" बोदिलने विचारलं. "बोल की मेल्या."

"हाडासारखं कोरडं आहे," येप्पे म्हणाला. "किती वेळा उलटं केलंत हे?"

"माझ्या कंबरेला विचार," बोदिल म्हणाली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. पाल्लेला हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी त्याने ते तिच्या कंबरेवर ठेवले.

इकडे दुकानातून मी काय बघते, तर खालच्या वाटेने दुसरा ट्रॅक्टर येतोय. करडे गठ्ठे. त्याच्यामागे तिसरा. प्रत्येक फाट्यावरून एकेक येऊन रांगेत लागत होता, हिरव्या ताडपत्र्या मागे फडफडत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि सगळे दात काढत होते. सगळ्यात शेवटी क्नूद आला. त्याने माझ्याकडून दोन ताडपत्र्या नेल्या होत्या.

"क्नूद!" मी ओरडले. "पिकलं का रे तुझंही?"

"दाग्नी, तू तुझं दुकान बघ," तो म्हणाला, पण त्यालाही हसू आवरेना. भट्टीपाशी तो उतरला आणि पाल्लेसमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायला आमच्या माणसांना जमत नाही. तो म्हणाला, "तुझ्या बोदिलची कंबर दुखते म्हणे. उद्यापासून गठ्ठे मी चढवतो." पाल्लेने हात पुढे केला.

सकाळच्या बोटीतून तेलाचा टँकर उतरला आणि धक्क्याच्या वळणावर अडकला. समोर रस्ताभर ट्रॅक्टर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कुणी हललं नाही. तो उतरून माझ्या दुकानात आला.

"काय चाललंय? जत्रा आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "बस. कॉफी घे."

त्याने कॉफी घेतली, दोन दालचिनीचे पाव खाल्ले. दुपारी महापौरबाई स्वतः आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुझ्या फेरीचं भाडं आम्ही देऊ. तेल परत ने." तो भरल्या टाकीने त्याच बोटीने परत गेला. धक्क्यावर त्याला निरोप द्यायला इतकी माणसं जमली होती की त्या बिचाऱ्याला काही कळेना. त्यानेही हात हलवला.

करडं काड शांत जळलं. राख भुसभुशीत पडत राहिली, येप्पे ती फावड्याने काढायचा आणि बादली दाखवत फिरायचा, "बघा, पिठासारखी!" वसंतात ती राख पुन्हा शेतात जाणार होती. मार्च सरेपर्यंत भट्टीत तेलाचा थेंब गेला नाही. महापौरबाई पुन्हा टीव्हीवर दिसल्या. या वेळी त्यांच्या मागे करडे गठ्ठे होते, आणि त्या गठ्ठ्यांना टेकून, कॅमेऱ्याकडे न बघता, पाल्ले उभा होता.

पण मला आठवतो तो त्या सोमवारनंतरचा दुसरा दिवस. वारा तसाच, बर्फ गुडघ्याएवढा. पाल्ले रिकामी ट्रॉली घेऊन बाईंच्या गल्लीतून चालला होता, मी तिथेच अंडी पोचवायला गेले होते. त्याने ट्रॅक्टर हळू केला. विचारायचं होतं, धीर होत नव्हता. बाईंच्या दाराशी त्याने रचलेलं बर्चचं जळण तसंच होतं, वर बर्फ साचलेला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. सताड. भर जानेवारीत. वाल्बोर्गबाई बाहेर वाकल्या, अंगात नुसता पातळ झगा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, गाल लाल.

"पाल्ले! अरे, इतकं गरम करायला सांगितलं होतं कुणी?" त्या ओरडल्या. "मला घाम आलाय! वर ये आणि ते हीटर कमी कसं करायचं ते दाखव. आणि हे बघ, अनवाणी आहे मी."

त्यांनी पाय वर करून खिडकीच्या चौकटीवर ठेवला, आम्हाला दिसावा म्हणून. गुलाबी, ऊबदार, म्हातारा पाय.

पाल्लेने टोपी काढली आणि मोठ्याने हसला.